दोन बारांमधला वेळ

मे महिन्यात रत्नागिरीला निघालेल्या माणसाला कुणी ‘कशाला’ म्हणून विचारत नाही. आंबा हे कारण गृहीतच असतं. आम्ही मात्र जुन्या बंदुका बघायला चाललो होतो. गाडीत शेजारी बसलेल्या काकूंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पर्स हळूच मांडीवर ओढून घेतली आणि चिपळूण येईपर्यंत आमच्याशी अवाक्षर काढलं नाही.

नाद माझा नव्हे, भाच्याचा. तो बर्नजवळच्या एका खेड्यात राहतो. स्वित्झर्लंडमध्ये पुष्कळ गावांना स्वतःचं नेमबाजीचं मैदान असतं, तीनशे मीटरचं. रविवारी सकाळी आपल्याकडे लोक मिसळ खायला जमतात, तसे तिथले काही लोक बंदूक खांद्याला लावून तिकडे जातात. शेजाऱ्याने याला एकदा नेलं, हातात के-३१ ही जुनी लष्करी रायफल दिली, आणि तेव्हापासून फोनवर हवापाण्याच्या गप्पा बंद झाल्या. ‘मामा, बोल्ट फिरवावाच लागत नाही, नुसता ओढायचा,’ हे मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी म्हटलं, सुट्टीला ये, तुला आपल्याकडच्या दाखवतो. बोलून गेलो खरा. पण रत्नागिरीत दाखवायचं काय, हा विचार नंतर सुरू झाला.

त्याच्या रायफलीची गंमत थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. जुन्या लष्करी रायफलींना नळीच्या मागे एक पोलादी दांडी असते, तिला बोल्ट म्हणतात. दाराचा अडसर जे काम करतो, तेच तिचं: गोळी उडताना नळीचं मागचं तोंड घट्ट बंद ठेवायचं. नेहमीच्या रायफलीत तिचा मुठीसारखा खटका आधी वर फिरवायचा, मग मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर उडतं, मग पुढे ढकलायचा आणि खाली फिरवायचा. चार हालचाली. सरळ ओढीच्या रायफलीत, म्हणजे स्ट्रेट-पुलमध्ये, मागे ओढा आणि पुढे ढकला, झालं. फिरण्याचं काम आतल्या तिरक्या खाचा परस्पर करतात. ऑस्ट्रियाच्या फर्डिनंड मानलिखरने अशी रायफल १८८०च्या दशकात सैन्याच्या गळी उतरवली, स्विस लोकांनी १८८९ साली आपली वेगळी काढली, कॅनडाने चार्ल्स रॉस नावाच्या सरदाराची घेतली आणि पस्तावला. बाकी जगाने चार हालचालींवरच भागवलं. भाच्याची के-३१ ही स्विस घराण्यातली शेवटची, १९३३ ते १९५८ या काळात बर्नच्या सरकारी कारखान्यात बनलेली. अशा पाच लाखांवर निघाल्या. सहा गोळ्यांचं मॅगझिन, अक्रोडाचा नाहीतर बीचच्या लाकडाचा दस्ता. दस्त्याच्या बुडाची पोलादी पट्टी उघडली तर पुष्कळदा आत घडी घातलेली चिठ्ठी निघते. तिच्यावर ती बंदूक ज्याला मिळाली होती त्या शिपायाचं नाव आणि गाव.

हे सगळं कशासाठी? तर एक गोळी झाडल्यावर दुसरी झाडेपर्यंत जाणारा वेळ वाचवण्यासाठी. बंदुकीचा सगळा इतिहास या वेळेचा आहे, असं माझं मत रत्नागिरीत बनलं. नेम, पल्ला, गोळीचं वजन हे सगळं त्याच्यानंतर.

पहिल्या सकाळी रत्नदुर्ग. गावात याला भगवतीचा किल्लाच म्हणतात. घोड्याच्या नालेसारखा समुद्रात शिरलेला डोंगर, तीन बाजूंना पाणी, एका टोकाला देवीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला १८६७ सालचा दीपस्तंभ. पर्यटक तटावर उभे राहून मिऱ्या बंदराचे फोटो काढतात. आम्ही मात्र तटाला तोंड लावून उभे होतो, कारण भाच्याला जंग्या बघायच्या होत्या. जंगी म्हणजे बंदूक रोखण्यासाठी भिंतीत ठेवलेलं अरुंद भोक. आतून ऐसपैस, बाहेरून चिंचोळं, आणि खालच्या दिशेला उतरतं, म्हणजे तटाच्या पायथ्याशी आलेला माणूसही टिपता यावा.

त्या काळची तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी बंदूक भरायला वेळ फार लागायचा. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानावर बारीक दारू घालायची, पेटता तोडा सांभाळत नेम धरायचा. उघड्या मैदानात एवढ्या वेळात घोडेस्वार तुमच्यापर्यंत येऊन तुमची मान घेऊन जाईल. म्हणून हा तट. जंगीआड एक जण बार काढतो, मागे दुसरा त्याची दुसरी बंदूक भरून ठेवतो, तिसरा दारू पुरवतो. संथ बंदुकीला वेळ विकत घेऊन देण्यासाठी एवढे जांभ्याचे चिरे रचले आहेत, हे मला तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा उमगलं. शाळेत किल्ल्यांचे प्रकार पाठ केले होते, गिरिदुर्ग, जलदुर्ग वगैरे. पण किल्ला म्हणजे मुळात बार भरेपर्यंतचा आडोसा, हे कुणी सांगितलं नव्हतं. कोकणातले हे किल्ले १८१८ साली इंग्रजांकडे गेले. त्यानंतर साठ-सत्तर वर्षांत बंदूक मागून भरायची झाली, मग मॅगझिन आलं, आणि आडोशाला दगडी तटाची गरज उरली नाही. जमिनीत खणलेला चर पुरू लागला.

किल्ल्यावरून उतरून कोकम सरबत घेतलं आणि थिबा पॅलेस गाठला. बंदुकांच्या प्रवासात ब्रह्मदेशच्या राजाचा वाडा कशाला, असं वाटेल. पण थिबा रत्नागिरीत आला तो बंदुकांमुळेच. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी इरावतीतून आगबोटी वर चढवल्या आणि पंधरा दिवसांत मंडालेला पोचले. राजा गादीवरून उतरला, आणि एप्रिल १८८६ मध्ये राणी, मुली आणि थोडासा लवाजमा घेऊन रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागला. हा लाल तीनमजली वाडा मात्र त्याला १९१०च्या सुमारास मिळाला, आणि १९१६च्या डिसेंबरात तो इथेच वारला. खिडक्यांची अर्धगोल लाकडी नक्षी, वरच्या सज्जातून दिसणारी भाट्याची खाडी, सगळं सुंदर आहे. पण चोवीस-पंचवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर मिळालेला वाडा हा वाडा की तुरुंगाची बढती, हे ज्याने त्याने ठरवावं.

थिबाविरुद्ध गेलेल्या फौजेत गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री होत्या. बऱ्याच हिंदी पलटणींकडे त्याहून जुन्या स्नायडर. ही स्नायडर म्हणजे तोंडाने भरायच्या एनफिल्डला मागून कापून झाकण बसवलेली. दोन्ही एकगोळी, पण मागून भरायच्या. तोंडाने ठासायच्या एनफिल्डचे मिनिटाला तीन बार निघत. स्नायडरचे दहाच्या आसपास, मार्टिनीचे बारा. हिंदी शिपाई मागे का? तर १८५७ नंतर ठरवूनच. गोऱ्याच्या हाती नवी बंदूक आली की त्याची जुनी काळ्याकडे, असा एका पिढीच्या अंतराचा रिवाज कित्येक दशकं चालला. मुंबईच्या सैन्यात आणि पोलिसांत तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याचा मोठा भरणा होता. गावोगाव पेन्शनर असत. ही उष्टी बंदूक इथल्या शिपायांनीही वागवली. १९१४ साली हिंदी सैन्य फ्रान्समध्ये मार्सेयला उतरलं, तेव्हा कुठे लढाईच्या तोंडावर त्यांच्या हातात नव्या घडणीची ली-एनफिल्ड दिली गेली.

आणि थिबा समुद्रमार्गाने इकडे येत होता त्याच १८८६ साली ऑस्ट्रिया-हंगेरीने मानलिखरची सरळ ओढीची, पाच गोळ्यांच्या पत्र्याच्या क्लिपने भरायची रायफल सैन्याला दिली. फ्रान्सची बिनधुराच्या दारूची लेबेलही त्याच वर्षीची. म्हणजे स्नायडरवाल्या शिपायांनी राजाला पकडून आणलं, तेव्हा स्नायडर युरोपात भंगारात निघायला लागली होती. भाचा वाड्याच्या व्हरांड्यात उभा राहून म्हणाला, “मामा, राजाला पकडायला जुनी बंदूकही पुरली म्हणजे.” पुरली. समोरच्याकडची त्याहून जुनी असली की पुरते.

शहरातून बाहेर पडण्यापूर्वी रत्नागिरीच्या तुरुंगात सावरकरांची कोठडी बघून घेतली. १९२१ नंतर ते इथल्या तुरुंगात होते आणि १९२४ पासून १९३७ पर्यंत जिल्ह्यात स्थानबद्ध. लोक पतितपावन मंदिराच्या संदर्भात त्यांचं रत्नागिरीपर्व सांगतात, ते रास्तच. पण बंदुकीच्या हिशेबात त्यांचं नाव येतं ते लंडनहून १९०९ साली धाडलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांमुळे. त्यांतल्याच एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातल्या आयनीचे. ब्राउनिंगमध्ये ओढायचं काही राहिलेलंच नव्हतं. पहिली गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने पुढची नळीत. दोन बारांमधला वेळ संपला तो इथे; सरळ ओढीच्या रायफलींचे कारखाने जोरात चालू असतानाच त्यांचं मरण एका खिशातल्या पिस्तुलात तयार होतं.

भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की शहर एकदम सुटतं. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कलमांच्या बागा, मधूनच जांभ्याचा उघडा सडा, मेमध्ये तव्यासारखा. स्वामी स्वरूपानंदांच्या पावसला जेवण झालं, पुढे पूर्णगड. मुचकुंदीच्या मुखावरचा हा किल्ला इतका लहान की तटावरून एक फेरी मारायला विडी ओढण्याइतकाच वेळ लागतो. रत्नदुर्गाच्या मानाने इथे गर्दी नाही. समुद्राकडच्या दरवाजात बसलो तर वारा फुकट. रत्नागिरीला आलात तर हा चुकवू नका, एवढंच सांगतो, आणि पुढे जातो. कारण आम्हाला जिथे पोचायचं होतं ते घर खाडीपलीकडे, गावखडीच्या पुढे आत वळल्यावर होतं.

ओळखीच्या ओळखीने ठरवलेली भेट. चिऱ्याचं घर, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मागे आंबा आणि काजू. घरधन्यांना सगळा गाव दादा म्हणतो. सत्तरी उलटलेली, आवाज खणखणीत. भिंतीवर वडलांचा फोटो आणि त्याखाली दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली ठासणीची बंदूक.

भाच्याने ती हातात घेतली आणि गप्पच झाला. संग्रहालयात काचेआड बघायची वस्तू इथे कामाला होती. लांब एकनळी, मागे घोडा, दस्त्याला हातांच्या घामाने आलेली काळी तुकतुकी.

“किती जुनी, आजोबा?”

“वडलांच्या नावावर होती. त्यांच्या आधी कुणाची, ते तिलाच विचार,” दादा म्हणाले. “परवाना बघायचा तर बघ. शेतीसंरक्षण म्हणून हाय.”

या परवान्याची गोष्ट आपल्या शहरी वाचकाला बहुधा ठाऊक नसते. लॉर्ड लिटनच्या १८७८च्या कायद्याने देशाची हत्यारं काढून घेतली. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९चा. त्याच्या तेराव्या कलमात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख चक्क नाव घेऊन आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी कुणी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा. आणि परिस्थिती पाहता ठासणीची पुरणार नाही असं अधिकाऱ्याला वाटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची द्यावी, अशी सोयही तिथेच आहे. क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या देशाच्या कायद्यात हे अजून जिवंत आहे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पुष्कळ घरांत त्याच परवान्यावरची बंदूक खुंटीला आहे. बापाचा परवाना मुलाने आपल्या नावावर करून घ्यायचा, मुदत संपली की नूतनीकरणाला तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी खेपा घालायच्या. स्विस शिपायाचं नाव दस्त्याच्या आत चिठ्ठीवर असतं. इथे प्लॅस्टिकच्या पिशवीत, परवान्याच्या वहीत.

आम्ही बोलत होतो तोवर मागच्या बागेत फांद्या मोडल्याचा आवाज आला. वानर. दादांनी त्रासिक चेहऱ्याने बंदूक उचलली. “चला, तुमचं काम झालं.”

पुढचं सगळं मी नीट पाहिलं, कारण असं पुन्हा दिसेल याची खात्री नाही. आधी त्यांनी गज नळीत सोडला. गज पुरा आत गेला आणि टोकाची खूण नळीच्या तोंडाशी आली. म्हणजे नळी रिकामी. आत कालचा बार भरलेला राहिला असेल तर गज तेवढा वर राहतो. “हे बघितल्याबिगर भरायची नाय. डबल बार बसला तर नळी फुटते, मंग वानर राह्यला बाजूला.” घोडा अर्ध्यावर. दारूच्या शिंगाच्या जागी आता प्लॅस्टिकची डबी आली आहे; तिच्यातून मापाने दारू. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण पंच्याहत्तर, पंधरा आणि दहा अशा प्रमाणात, हे प्रमाण शतकानुशतकं फारसं हललेलं नाही. मग नारळाच्या काथ्याचा बोळा, गजाने ठासून, हातात घट्ट बसल्याचं जाणवेपर्यंत. खरा बार असता तर यावर छर्रे आणि वर आणखी एक बोळा. आज छर्रे नाहीत. वानर मारणं गुन्हा, आणि दादांना ते मारायचेही नव्हते. शेवटी मागच्या बोंडीवर तांब्याची टिकलीएवढी केप. घोडा पुरा मागे. नळी आभाळाकडे. चाप.

आधी केपचा चटका, मग क्षणाचाही अर्धा भाग जाऊन धडाम. पांढऱ्या धुराचा लोट घरावर लोळत आला, गंधकाचा वास, आणि बागेतून वीस-पंचवीस वानर एका दिशेने उड्या मारत गेले. भाच्याने मोबाइलवर वेळ लावून ठेवली होती. गज घालण्यापासून धडामपर्यंत सव्वा मिनिटाच्या आसपास. कसलेला शिपाई हेच वीस सेकंदांत करी. पण दादांना घाई नव्हती आणि वानरांनाही ती नसते. धुरातून बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, “यात दुसरा बार नाहीच.” दादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या बाराला करायचंय काय. खरंच, वानर पळतात ते पहिल्या आवाजाला. दुसरा वाया.

त्यानंतर बंदूक साफ करणं हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. काळ्या दारूची राख दमट हवेत पाणी ओढते आणि रात्रीत नळी गंजते; कोकणच्या पावसाळ्यात तर तासांत. म्हणून ऊन पाणी ओतायचं, चिंधी गजाला गुंडाळून घासायचं, कोरडं करायचं, खोबरेल लावायचं.

दादांचे शेजारी फौजेतून निवृत्त झालेले, १९६०च्या दशकात भरती झालेले. मराठा लाइट इन्फंट्री, बेळगाव. निवृत्तीनंतर स्वतःच्या परवान्याची रायफल घेऊन एका बँकेत पहारेकरी म्हणून राहिले होते. माजी सैनिकांसाठी ही ठरलेली वाट. बाराचा आवाज ऐकून तेही आले आणि भाच्याची चौकशी ऐकून घरातून आपली रायफल घेऊन आले, बोल्ट उघडा, मॅगझिन रिकामं. .३१५ बोरची, इशापूरच्या सरकारी कारखान्याची. त्यांनी एक काडतूस भाच्याच्या तळहातावर ठेवलं. बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीची फॅक्टरी, १८६९ पासूनची.

भाच्याने ते उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, “मामा, ही मानलिखरची गोळी आहे.”

मला वाटलं, उन्हाचा परिणाम. पण त्याच्या नेमबाजीच्या मंडळातल्या एका मित्राकडे जुनी, न बदललेली मानलिखर एम-९५ आहे, ती त्याने झाडली होती, आणि तिची पसरट बुडाची, खांद्याला निमुळती होणारी गोळी तो ओळखत होता. माप खरोखर तेच: आठ मिलिमीटर, पन्नास मिलिमीटर लांबीचं पितळी कवच. झालं असं की इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात लष्करी मापाच्या रायफली, मुख्यतः .३०३ आणि .४५०, खासगी लोकांना बंद केल्या, म्हणजे चोरलेली लष्करी काडतुसं त्यांत चालू नयेत. मग इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी शक्कल लढवली. ली-एनफिल्डचंच यंत्र ठेवलं आणि त्यात ऑस्ट्रियाच्या मानलिखरची गोळी बसेल अशी नळी घातली. हिंदुस्थानात ती कुठल्याच पलटणीची गोळी नव्हती. स्वातंत्र्यानंतर इशापूरने तीच रायफल चालू ठेवली. ऑस्ट्रिया-हंगेरी १९१८ साली नकाशावरून गेलं. त्याच्या सरळ ओढीच्या रायफलीची गोळी मात्र अजून खडकीला बनते आणि बँकेच्या पहारेकऱ्याच्या कमरपट्ट्यात हिंडते. संपूर्ण प्रवासात मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच. बंदूक इथे कधी आली नाही, पण तिची गोळी इथेच स्थायिक झाली.

मग अर्थातच वाद झाला: ओढायची चांगली की फिरवायची? भाच्याने एम-९५चं वर्णन केलं. हलकी, पावणेचार किलोच्या आसपास, आणि म्हणून खांद्याला लाथ मारणारी. पाच गोळ्यांची क्लिप वरून आत दाबायची; शेवटची गोळी नळीत गेली की रिकामी क्लिप खालच्या भोकातून टपकते. बोल्ट ओढताना मात्र जोर लागतो, कारण फिरवण्याचं काम मनगटाऐवजी सगळं त्या सरळ हिसक्याला करावं लागतं. काडतूस नळीत चिकटलं तर हिसक्याने निघत नाही. फिरवायच्या बोल्टला तरफेचा जोर असतो, तो इथे नाही. के-३१ त्या मानाने गुळगुळीत, पण ती स्वित्झर्लंडच्या स्वच्छ मैदानावरची. सरळ ओढीच्या रायफलीचं हे दुखणं कॅनडाच्या सैन्याला १९१५ साली ईप्रच्या चिखलात महागात पडलं. त्यांची रॉस रायफल नेमाला अव्वल होती. पण चिखल आणि हलक्या प्रतीची काडतुसं आली की बोल्ट अडून बसे. शिपाई लाथा मारून तो उघडत. मेलेल्या इंग्रज शिपायाची ली-एनफिल्ड सापडली की आपली रॉस तिथेच टाकून देत. १९१६ साली ती मागे घेतली गेली.

फौजींनी हे ऐकून घेतलं, मग रिकामी रायफल खांद्याला लावली आणि बोल्ट चालवून दाखवला. खटका अंगठा आणि तर्जनीतच राहिला, चाप मधल्या बोटाने. वर-मागे-पुढे-खाली या चार हालचाली मला वेगळ्या दिसल्याच नाहीत. मनगटाचा एकच गोल झाला. गाल दस्त्यावरून हलला नाही, डोळा नेमावरून हलला नाही. ऐंशीच्या घरातला माणूस. “रंगरूट असताना .३०३वर हेच करायचो. मिनिटाला पंधरा, नेम धरून.” भाच्याने थोडा वेळ हिशेब केला आणि कबूल केलं की त्याच्या मैदानावर बोल्टमध्ये वाचलेला अर्धा सेकंद पुन्हा नेम धरण्यात जातोच. ली-एनफिल्डमधल्या लीच्या, म्हणजे जेम्स पॅरिस लीच्या यंत्राचा खटका थोडाच उचलावा लागतो, आणि त्यात दहा गोळ्या. सरळ ओढीची हुशारी त्याच्यापुढे फार थोडी उरते. गंमत अशी की याच लीने अमेरिकेच्या नौदलासाठी १८९५ साली एक सरळ ओढीची रायफलही बनवली होती. ती थोडक्या वर्षांत बाजूला पडली. त्याची फिरवायची शंभर वर्षं टिकली. इतकी की २००८च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सीएसटीवर पोलिसांच्या हाती .३०३च होत्या आणि समोर एके-४७. तिथे मनगट कितीही कसलेलं असून उपयोग नव्हता.

फौजींना आणखी एक विचारलं: आपले शिपाई कधी मानलिखरसमोर उभे राहिले का? त्यांना पलटणीचा इतिहास तोंडपाठ. १९४१ साली एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर मराठा पलटणीची तिसरी बटालियन लढली. इटलीला पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून भरपाईत मिळालेल्या मानलिखर त्यांच्या वसाहतीतल्या शिपायांपर्यंत गेल्या होत्या. म्हणजे डोंगराच्या वरच्या अंगाला सरळ ओढीची, खालच्या अंगाला फिरवायची. केरेन पडलं ते बोल्टमुळे नव्हे. जवळजवळ दोन महिने ते डोंगर चढणाऱ्या पायांमुळे.

निघताना दादांना विचारलं, बंदूक वर्षभर घरातच असते ना? ते हसले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. आत पोलीस ठाण्याच्या पावत्यांचा गठ्ठा. निवडणूक जाहीर झाली की हत्यारं ठाण्यात जमा करायची. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, जी असेल ती. निकाल लागेपर्यंत बंदूक तिथे, एकावर एक ठेवलेल्या शंभर बंदुकांत. परत आणली की पहिलं काम गंज काढायचं. ठासणीच्या बंदुकीने मतदान केंद्र कोण लुटणार, असं ते एकदा ठाण्यात म्हणाले होते. समोरच्याने नियम दाखवला. तेव्हापासून दादा काही बोलत नाहीत, फक्त पावतीवर बंदुकीचा नंबर नीट लिहिलाय का ते तपासतात आणि घरी येऊन पत्र्याचे डबे वाजवायला एक पोरगा रोजावर ठेवतात. त्या पोराची मजुरी बंदुकीच्या दारूपेक्षा महाग पडते, हा हिशेबही त्यांनी डब्याच्या झाकणावर खडूने मांडून ठेवला होता.